पाठीचा सातबारा

आमच्या सिंधुदुर्गात जमिनीचं वाटप सरळ झालंय असं एक घर दाखवा आणि माझ्याकडून सुरमई घेऊन जा. एका भावाला दर्याकडची माडाची बाग, दुसऱ्याला पाटाचं पाणी लागणारा मळा आणि वाटपाच्या दिवशी जो मुंबईला गिरणीत पाळीवर होता त्याला सड्यावरचा कातळ. पावसात गवत, एरवी नुसतं ऊन पिकतं तिथं. नेमकं असंच वाटप प्रत्येकाच्या कवटीत झालेलं असतं, आणि त्यात गिरणीवाला भाऊ म्हणजे आपली पाठ.

मेंदूत कानाच्या वरपासून टाळूपर्यंत एक चिंचोळी पट्टी आहे. अंगाला काहीही लागलं की त्याची वर्दी तिथं जाते. मॉन्ट्रियलचे सर्जन वाइल्डर पेनफिल्ड यांनी १९३७ साली आपल्या सहकाऱ्याबरोबर तिचा नकाशा छापला. फेफऱ्याच्या रुग्णाला जागं ठेवून ते मेंदूला विजेचा हलका स्पर्श करत आणि विचारत, कुठं जाणवलं? कुणी म्हणे अंगठ्याला, कुणी म्हणे जिभेला. शिरताना कातडी बधिर केली की झालं, कारण खुद्द मेंदूला दुखतच नाही. साऱ्या अंगाच्या तक्रारी लिहून घेणारा हा तलाठी स्वतः ढिम्म.

मोजणीत काय निघालं? ओठ, जीभ, अंगठा आणि बोटं यांनी सगळी बागायत लाटलेली. एवढी मोठी पाठ, पण तिच्या नावावर दोन गुंठे. वर आणखी, उजव्या अंगाची जमीन डाव्या मेंदूत आणि डाव्याची उजव्यात. म्हणजे नावांची अदलाबदलसुद्धा अस्सल आपल्याकडची.

बागायतदाराचा थाट बघायचा तर आमच्या आतेला तारले खाताना बघावं. वीज गेलेली, ताटात काय आहे ते दिसत नाही, आणि आते जागेच्या दाव्याची गोष्ट मधेच न तोडता सांगत असते. दोन बोटांनी घास चिवडला जातो, तोंडात जातो, वकील हरामखोर ठरतो आणि ओठाच्या कोपऱ्यातून केसासारखा काटा अलगद बाहेर येऊन ताटाच्या काठावर पडतो. लाइपझिगच्या अर्न्स्ट वेबर यांनी १८३४ साली करकटकाची दोन टोकं माणसांच्या अंगाला लावून पाहिली होती. जिभेच्या शेंड्याला एक मिलिमीटरवरची टोकंही दोन म्हणून कळली, बोटाच्या पेराला साधारण दोन मिलिमीटरवरची. आतेला वेबर ठाऊक नाही. वेबरना तारले ठाऊक असते तर करकटक लागलं नसतं.

आता पाठ. तिथं दोन टोकांत चारेक सेंटिमीटरचं अंतर असलं तरच ती दोन आहेत हे कळतं. घरी कंपासपेटी असेल तर करून बघा, पण टोक जरा बोथट घ्या. वैशाखात मळभ दाटलं, घामोळं उठलं की आमच्या घरी या विज्ञानाचं जाहीर प्रात्यक्षिक होतं.

"अगो, वायच वर."

"हयसर?"

"नाय गो, डावीकडे. खाली. आता गेला बघ पुढे!"

"तुमची पाठ तुमकाच गावना नाय, ती माका खंयसून गावतली?"

बायकोचं म्हणणं न्यूरोसायन्सच्या पुस्तकात घालण्याजोगं आहे. खाज खरी असते, तिचा पत्ता मात्र अंदाजे असतो.

मेंदू शेजारधर्मही कोकणातलाच पाळतो. या नकाशात हाताला लागून चेहऱ्याची जमीन आहे. हात गमावलेल्या एका रुग्णाच्या गालाला व्ही. एस. रामचंद्रन यांनी कापसाचा बोळा लावला, तर त्याला स्पर्श जाणवला तो नसलेल्या बोटांना! हाताची जमीन ओसाड पडली तसा चेहऱ्यानं गडगा सरकवला, असं रामचंद्रन यांचं अनुमान. इतर संशोधक म्हणतात, हाताचं नाव सातबाऱ्यावर तसंच आहे. अपील चालू आहे. आमच्याकडच्या गडग्याच्या दाव्यांपेक्षा लवकर निकाल लागेल एवढं नक्की.

पण या तलाठ्याची एक गोष्ट मला पटते. तो कुळकायदा मानतो. कसेल त्याची जमीन! व्हायोलिन वाजवणाऱ्यांच्या डाव्या हाताच्या बोटांना मेंदूत जास्त जागा मिळते, असं १९९५ साली मोजून दाखवलं गेलं. लहानपणी सुरुवात केलेल्यांत हा फरक जास्त दिसला. मालवणच्या बाजारात बांगड्याचं पोट अंगठ्यानं दाबून, खड्डा भरून आला की नाही यावरून 'ताजो नाय रे' असा निकाल देणाऱ्या बायका बघितल्या की वाटतं, यांच्या अंगठ्याची जमीन तर वेंगुर्ल्यापर्यंत गेली असेल.

हे सगळं वाचून मी घरात ठराव मांडला: रोज जेवणानंतर कुणीतरी माझ्या पाठीवर बोटानं अक्षरं काढावीत, मी ती ओळखीन, सरावानं पाठीची पारख वाढेल. बायकोनं भांडी आवरता आवरता विचारलं, "जमीन तुमची, पीक तुमका. आणि कसतला कोण?"

ठराव बारगळला. तूर्त मी परसातल्या माडाला पाठ घासतो. बुंधा चांगला रुंद आहे, त्यामुळे नेमका पत्ता सांगावा लागत नाही, आणि तो उलट विचारतही नाही.