राजे उदंड, प्रजा शून्य

देश चालवायला काय लागतं? घराणं? पक्ष? पैसा? छे. इंटरनेट लागतं.

‘नेशनस्टेट्स’ हा खेळ २००२पासून इंटरनेटवर फुकट चालू आहे. नाव टाका, बोधवाक्य टाका, चलन ठरवा, राष्ट्रीय प्राणी निवडा, थोड्या प्रश्नांना हो-नाही करा. राष्ट्र तयार. ना सीमाप्रश्न, ना घटना समिती. चहा निवायच्या आत सार्वभौम.

ऑस्ट्रेलियाचे कादंबरीकार मॅक्स बॅरी यांनी हा खटाटोप केला तो ‘जेनिफर गव्हर्न्मेंट’ या आपल्या कादंबरीची जाहिरात म्हणून. कादंबरी २००३मध्ये आली. तिला दोन दशकं उलटून गेली, जाहिरात अजून जोरात चालू आहे. (आपल्याकडे पुस्तक येतं, जाहिरात येत नाही. असो.)

राष्ट्र झालं की टेबलावर प्रश्न येऊन पडतात. मतदान सक्तीचं करावं का? एक सल्लागार म्हणतो, करा. दुसरा म्हणतो, लोकांना त्यांच्या मर्जीवर सोडा. तिसरा विचारतो, मुळात निवडणुका हव्यातच कशाला? नवखा खेळाडू पहिल्या दोघांचं मन लावून वाचतो. मुरलेला थेट तिसऱ्याकडे जातो.

मग नागरी हक्क, अर्थव्यवस्था आणि राजकीय स्वातंत्र्य या तीन काट्यांवर राष्ट्र तोललं जातं आणि कपाळावर शिक्का बसतो. ‘भ्रष्ट हुकूमशाही’, ‘माथेफिरू हुकूमशाही’, ‘निरुपद्रवी मध्यममार्गी लोकशाही’ असे हे शिक्के. यातला झोंबणारा कोणता?

निरुपद्रवी.

जगातल्या सगळ्या राष्ट्रांची क्रमवारीही लागते. चीज निर्यातीत कोण पुढे, कुणाचे नागरिक जास्त उद्धट, कुणाचं हवामान झकास. हो, हवामानाचेही गुण सरकारच्याच खात्यात. आपल्याकडे पाऊस चांगला झाला की श्रेय घ्यायला सगळे, दुष्काळ पडला की निसर्ग जबाबदार. खेळात निदान दोन्हीकडे सही एकाचीच असते.

या जगालाही एक संयुक्त राष्ट्रसंघ होता. नाव तेच, चिन्हही त्याच वळणाचं. २००८मध्ये खऱ्या संयुक्त राष्ट्रांची नोटीस आली की हे बंद करा. बॅरी यांनी मुकाट्याने नाव बदललं, आणि ‘वर्ल्ड असेंब्ली’ जन्माला आली. काश्मीर झालं, पॅलेस्टाइन झालं, ठरावांचे गठ्ठे झाले. पण संयुक्त राष्ट्रांनी सांगितलं आणि समोरच्याने लगेच ऐकलं, असं दुसरं उदाहरण पटकन आठवतंय का बघा.

गंमत म्हणजे या खोट्या संघाचे ठराव खऱ्यापेक्षा कडक. ठराव मंजूर झाला की सदस्य राष्ट्रांचे कायदे आपोआप बदलतात. पळवाट नाही, आक्षेप नोंदवून ठेवायची सोय नाही, नकाराधिकार नाही. पटत नसेल तर सदस्यत्व सोडा. लोक सोडतातही. मग परत येतात. बाहेर बसून भाषण कुणाला ऐकवणार?

सुरक्षा परिषदही आहे, २००९पासून. तिचं मुख्य काम एखाद्या राष्ट्राचा गौरव करणं किंवा निषेध करणं. निषेध झाला की राष्ट्राच्या पानावर बिल्ला लागतो. आणि तो बिल्ला आपल्यालाही मिळावा म्हणून लोक वर्षानुवर्षं झटतात! इतकं दुष्टपण केलं तरी परिषद दखल घेत नाही, ही त्यांची खरी खंत. सज्जनांना पुरस्कार देणाऱ्या संस्था उदंड आहेत, दुर्जनांची सोय कुणी करायची?

मग हल्ले होतात. राष्ट्रं मिळून एक प्रदेश होतो, त्याचा एक प्रतिनिधी असतो, आणि ज्याच्या पाठीशी जास्त सदस्य तो प्रतिनिधी. दिवसातून दोनदा पटावर हिशेब होतो. हल्लेखोरांची टोळी हिशेबाच्या काही सेकंद आधी प्रदेशात घुसते, आपल्याच माणसाला पाठिंबा देते आणि खुर्ची घेते. मूळ रहिवासी जागे होतात तोवर भिंतीवर दुसऱ्याचं निशाण असतं. आपली माणसं घेऊन रातोरात मुक्काम हलवायचा आणि सकाळी सत्ता पालटलेली, हा प्रकार मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नसावी.

फरक इतकाच की खेळात हॉटेलचं बिल येत नाही.

दोन हिशेबांपैकी मोठा अमेरिकेतल्या मध्यरात्री होतो. म्हणजे आपल्याकडे सकाळी, ऐन ऑफिसच्या वेळेला. देशी क्रांतिकारकांची खरी अडचण इथे आहे. साम्राज्य उलथायचं आणि नेमका त्याच वेळी साहेब केबिनमध्ये बोलावतो.

पण हे झालं यंत्राचं. खरा दरबार भरतो तो फोरमवर पोस्ट टाकून खेळायच्या खेळात. तिथे बटणं नाहीत, फक्त लिहिणं. एकाने लिहायचं, ‘आमचं आरमार तुमच्या किनाऱ्याकडे निघालं आहे.’ दुसऱ्याने उत्तर द्यायचं. मग तिसरा येऊन ‘तीव्र चिंता’ व्यक्त करतो. चौथा युद्धबंदीची हाक देतो आणि दोघांनाही रणगाडे विकतो. रणगाड्यांची रीतसर दुकानं आहेत. मागणी नोंदवायची, नग किती ते लिहायचं, रक्कम मोजायची. दुकानदार लिहितो, ‘ऑर्डर मिळाली, माल रवाना.’ खोटे पैसे, खोटे रणगाडे, पण पोचपावती मिळते. आपल्या तहसील कचेरीने शिकण्यासारखं आहे.

आता नियम ऐका. समोरच्याचं नुकसान तुम्ही लिहायचं नाही. तुम्ही फक्त क्षेपणास्त्र सोडायचं. ते लागलं की नाही, हे ज्याच्यावर सोडलं तो सांगणार. न विचारता दुसऱ्याचं शहर बेचिराख केलंत तर तो गुन्हा. ‘गॉडमॉडिंग’ म्हणतात त्याला, आणि बिरादरीत याहून मोठी शिवी नाही.

परिणाम? क्षेपणास्त्रं चुकतात. विमानं सुखरूप परततात. शत्रूचा कट उधळला जातो. दोन्हीकडून.

हसू नका. कुठल्याही खऱ्या युद्धाच्या पहिल्या आठवड्यातली दोन्ही बाजूंची पत्रकं शेजारी ठेवून वाचा.

प्रशियाच्या लष्कराने यावर दोनशे वर्षांपूर्वीच तोडगा काढला होता. १८२४मध्ये राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने युद्धाचा खेळ रचून दिला. त्यात नकाशा होता, फासे होते आणि दोघांच्या मध्ये पंच होता. कोण मेलं, किती मेले, हे पंच ठरवणार. इथे पंच नाही. सार्वभौम राष्ट्रांना पंच चालत नाही, खेळातल्याही नाही.

टपालाने राष्ट्रं खेळण्याची हौस तशी इंटरनेटच्या आधीची. अमेरिकेत ॲलन कॅलहॅमर यांनी १९५९मध्ये ‘डिप्लोमसी’ हा पटावरचा खेळ बाजारात आणला. सात महासत्ता, साल १९०१, फासे नाहीत. फक्त गोड बोलायचं आणि वेळ आली की पाठीत सुरा. चार वर्षांत लोक तो पत्रांतून खेळू लागले. एक चाल करायला आठवडे. विश्वासघाताला तिकीट लावावं लागायचं, त्यामुळे तो विचारपूर्वक होई. कॅलहॅमर यांनी पुढे पोटापाण्यासाठी नोकरी केली ती पोस्टमनची. आपण रचलेल्या दगलबाजीची पत्रं आपणच घरोघर वाटायची असा योग फार थोड्या लेखकांच्या नशिबी येतो.

पण डिप्लोमसीत कुणीतरी हरतं. ऑस्ट्रिया तर नेहमीच्या गिऱ्हाइकांपैकी. पोस्ट टाकून चालणाऱ्या राष्ट्रांत हरायचं असेल तर आधी स्वतःची संमती लागते. ती कोण देणार? अगदीच गळ्याशी आलं तर शेवटचं ब्रह्मास्त्र असतं: ‘हा हल्ला आमच्या जगात झालाच नाही.’ बोलणंच खुंटलं. खऱ्या परराष्ट्र खात्यांनाही हे अस्त्र ठाऊक आहे. ती फक्त दोन परिच्छेद जास्त घेतात.

मग वेळ कशात जातो? कागदात. राज्यघटना, कायद्यांच्या अनुसूची, दूतावासांचे अर्ज, राजघराण्याची वंशावळ, नौदलाच्या गणवेशाची बटणं. निरंकुश सत्ता फुकटात मिळाल्यावर माणूस ऐश करेल, जुलूम करेल, निदान कर तरी माफ करेल असं वाटतं ना? तो समिती नेमतो.

फुटबॉलचा विश्वचषकही भरतो. सामन्यांचे निकाल संगणक लावतो, पण संघावर चांगलं लिहिणाऱ्याला त्यात थोडी वाढ मिळते. म्हणजे वृत्तांत फक्कड जमला की गोल व्हायची शक्यता वाढते. आमच्या क्रीडा पानावरचे लोक इतकी वर्षं उगाच सामना संपायची वाट बघत बसले.

आणि राष्ट्रं मरतात कशाने? युद्धाने नाही, दुष्काळाने नाही. २८ दिवस लॉगिन केलं नाही की राष्ट्र संपतं. रजा टाकलेली असेल तर ६० दिवस. अब्जावधी लोकांचा देश एका झटक्यात नाहीसा. कारण? राष्ट्राध्यक्षांची बारावी. पुढे पासवर्ड आठवला की देश पुन्हा उभा, प्रलय रद्द.

खोटी राष्ट्रं खेळणारी ही मंडळी एका बाबतीत मात्र काटेकोर. दूतावास उघडण्याआधी समोरच्याची माहितीपुस्तिका वाचतात. अमेरिकेतल्या नुअर्क शहराने २०२३च्या जानेवारीत भारतातून परागंदा झालेल्या नित्यानंद स्वामींच्या ‘कैलासा’शी भगिनी-शहराचा करार केला, समारंभ केला, आणि मग कळलं की असा देशच नाही. करार रद्द झाला. त्याच वर्षी पॅराग्वेतल्या एका अधिकाऱ्याने कैलासाबरोबर सामंजस्य करारावर सही केली आणि पद घालवलं. खेळातल्या चौदा वर्षांच्या पंतप्रधानाने आधी विचारलं असतं: नकाशा कुठाय?

पुण्या-मुंबईच्या शाळा-कॉलेजांत ‘मॉडेल युनायटेड नेशन्स’ भरतं, तेही याच कुळातलं. एप्रिलच्या उकाड्यात ब्लेझर घालून पोरं नॉर्वेची भूमिका मांडतात. इथे निदान शेवटी ढाल मिळते आणि जेवण असतं.

राहता राहिली जनता.

नवं राष्ट्र काही दशलक्षांवर सुरू होतं आणि मग लोकसंख्या वाढतच जाते. सरकार उदार असो की माथेफिरू, धोरण काहीही असो, वाढते. जुन्या राष्ट्रांची एकेकट्यांची लोकसंख्या खऱ्या पृथ्वीच्या कितीतरी पुढे गेली आहे. एवढ्या माणसांच्या वतीने बोलायला कोण? राष्ट्राध्यक्ष बोलतो. सरसेनापती, परराष्ट्रमंत्री, गुप्तहेर प्रमुख, राजकन्या, सगळे बोलतात. हे सगळे एकाच मुलाच्या कीबोर्डातून निघालेले असतात. राष्ट्र व्हायला रांग लागते. रेशनच्या रांगेत उभा राहणारा व्हायला कुणी तयार नाही.

अपवाद आहे. युद्धाची पोस्ट रंगवायची असली की एक साधा माणूस आणतात. बेकरीवाला, शेतकरी, शाळेला निघालेली पोर. पहिल्या परिच्छेदात तो पाव भाजतो, दुसऱ्यात बायकोशी दोन शब्द बोलतो, तिसऱ्यात बॉम्ब पडतो. राष्ट्रीय दुखवटा जाहीर होतो, झेंडे अर्ध्यावर उतरतात, पंधरा देशांचे शोकसंदेश येतात, आणि दुसऱ्या दिवशी पान उघडावं तर लोकसंख्या काही दशलक्षांनी वाढलेली असते.