पांदणशास्त्रात दिशादर्शक यंत्राचे स्थान

स्नोमोबाइल, म्हणजे पुढे दोन घसरपट्ट्या आणि मागे रबरी फिरता पट्टा असलेले बर्फावरचे वाहन, वर्धा जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत आढळत नाही, आणि येथील मे महिन्याचे तापमान पाहता ते नजीकच्या काळात आढळण्याचा संभवही नाही. मराठी पर्यटकाची त्याच्याशी ओळख होते ती बहुधा गुलमर्गला, आणि ती भाव ठरवण्यात गेलेल्या वेळेपेक्षा लवकर संपते. तथापि क्वेबेक किंवा मिनेसोटा येथील स्वारांना दर हिवाळ्यात पडणारा प्रश्न, म्हणजे अनोळखी वाटेवर कोणते ॲप आणि कोणते यंत्र सोबत न्यावे, हा वर्ध्याच्या दुचाकीस्वाराला परका नाही, कारण तेथील बर्फवाट आणि येथील पांदण, म्हणजे शेतांच्या धुऱ्यांमधून जाणारी गाडीवाट, या दोन्ही वर्षातील काही महिनेच अस्तित्वात असतात. बर्फ पडला की बर्फवाट उगवते. पाऊस पडला की पांदण मावळते. काळ्या मातीतील चिकण अंश पाणी शोषून फुगतो, चाक आणि मडगार्ड यांमधील पोकळी भरून काढतो, आणि वाहनाचे रूपांतर अशा स्थावर मालमत्तेत करतो की जिची नोंद सातबाऱ्यावर घेण्याची सोय नाही.

बर्फवाटांसाठी तयार केलेली ॲप्स वाट आज खुली आहे की बंद, आणि तिच्यावर यंत्र फिरवून बर्फ सपाट केला आहे की नाही, हेही सांगतात. वर्ध्यात वापरल्या जाणाऱ्या नकाशात मात्र वैशाखातील पांदण आणि श्रावणातील पांदण एकाच करड्या रेषेने काढलेली असते, आणि त्या रेषेवर विश्वास ठेवून निघालेला मनुष्य ऋतुचक्राबाबत ॲपपेक्षा अधिक जाणकार होऊन, बहुधा पायी, परत येतो.

गुगल मॅप्स, भारतीय बनावटीचे मॅपल्स, आणि जगभरच्या स्वयंसेवकांनी भरलेल्या ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेली ऑसमअँड व ऑरगॅनिक मॅप्स, हे या क्षेत्रातील प्रमुख पक्ष होत. त्यांच्या तुलनेपूर्वी एका रूढ गैरसमजाचे निरसन आवश्यक आहे. मोबाइलचे नेटवर्क गेले की जीपीएसही गेले, असे मानणारा वर्ग मोठा आहे. वस्तुतः जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून संकेत पाठवतात, त्यांपैकी चारांचे संकेत मिळाले की फोनला आपले स्थान कळते, आणि या व्यवहारात गावातील टॉवरचा हात नसतो. नेटवर्कवाचून अडतो तो नकाशा. म्हणून नकाशा घरीच उतरवून न घेणाऱ्या स्वाराला पडद्यावर एक निळा ठिपका दिसतो आणि त्याच्याभोवती शून्य दिसते, जे तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने उद्बोधक असले तरी देवळी गाठण्यास अपुरे आहे. ऑसमअँड आणि ऑरगॅनिक मॅप्स यांची रचनाच उतरवलेल्या नकाशावर चालण्याची असल्याने या कसोटीवर ती उजवी ठरतात.

स्थान कळले तरी ते किती नेमके, हा पुढचा प्रश्न. मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनची चूक सुमारे पाच मीटरपर्यंत असते. गाव नकाशात तुटक दुबार रेषेने दाखवलेल्या गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट, म्हणजे पाच ते साडेसहा मीटर धरलेली आहे. यंत्राची चूक आणि पांदणीची रुंदी अशी जवळजवळ सारखी असल्यामुळे, फोनच्या दृष्टीने स्वार पांदणीवर आहे की शेजारच्या तुरीत, हे निश्चित सांगता येत नाही. तुरीचा मालक मात्र ते लांबूनही निश्चित सांगू शकतो. शिवाय नकाशातील एकवीस फुटांपैकी प्रत्यक्षात किती शिल्लक आहेत, हा दोन्ही बाजूंच्या धुरेकऱ्यांच्या अनेक पिढ्यांच्या नांगरटीवर अवलंबून असलेला विषय असून त्याचा निवाडा तहसीलदारांकडे होतो, उपग्रहाकडे नव्हे.

अचूकतेचा हा सोस या जिल्ह्याला नवा नाही. भारतीय उपखंडाची त्रिकोणमितीय मोजणी १८०२ मध्ये मद्रासपासून सुरू करणारे विल्यम लॅम्बटन कोन मोजण्यासाठी सुमारे अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट बरोबर नेत असत, आणि हैदराबादहून नागपूरकडे येताना जानेवारी १८२३ मध्ये त्यांचा अंत हिंगणघाटला झाला. त्यांची कबरही तेथेच आहे. त्यांचे कार्य पुढे चालवणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या नावाला हिमाच्छादित शिखर लाभले, लॅम्बटन यांच्या वाट्याला हिंगणघाटचे ऊन आले. दोनशे ग्रॅमचा फोन हँडलवर जड होतो, अशी कुरकुर निदान हिंगणघाट तालुक्यात तरी करू नये.

तथापि वर्धा जिल्ह्यात दिशादर्शनाचा खरा घात चिखलाने होतो त्याहून अधिक नावांनी होतो. शोधपेटीत नुसते ‘आष्टी’ लिहिणाऱ्याला वर्ध्याची आष्टी, बीडची आष्टी आणि गडचिरोलीची आष्टी यांतून निवड करावी लागते, आणि घाईत बोट चुकल्यास १९४२ च्या लढ्यातील हुतात्म्यांच्या गावाला निघालेला मनुष्य अर्धा महाराष्ट्र ओलांडण्याच्या तयारीला लागतो. ‘कारंजा’ म्हणावे तर घाडगे की लाड, हे वेगळे सांगावे लागते, आणि त्यांपैकी लाड हे वाशीम जिल्ह्यात आहे. ‘सेलू’ म्हणावे तर परभणी जिल्हा आपला हक्क सांगतो. हा दोष संगणकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, कारण महात्मा गांधी १९३६ मध्ये ज्या गावी राहायला गेले त्याचे नाव शेगाव होते, बुलढाण्याच्या शेगावाशी घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जाऊ लागले, आणि अखेर १९४० मध्ये गावाचेच नाव सेवाग्राम करण्यात आले. यंत्र सुधारत नसेल तर गाव सुधारावे, हा उपाय येथे असा यशस्वी झालेला असला तरी प्रत्येक दुचाकीस्वाराला तो परवडेलच असे नाही.

रेषा नकाशावर आहे एवढ्यावरून ती सर्वांसाठी खुली ठरत नाही, हेही ध्यानात घ्यावे. गुगलने भारतात दुचाकीसाठी निराळी मार्गसोय डिसेंबर २०१७ मध्ये दिली. ती न निवडता मोटारीचीच सोय चालू ठेवणाऱ्या स्वाराला जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा मोह दाखवला जातो, जेथे दुचाकीला मज्जाव आहे. बोर व्याघ्र प्रकल्पातील जंगलवाटांचेही तसेच, आणि तेथे नियम मोडल्यास दंड करणारे खाते वनविभागच असेल, अशी खात्री नसते.

आता यंत्राविषयी. ॲपलने आपल्या फोनसाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस हे भोवतालचे तापमान योग्य मानले आहे, ज्यावरून वर्ध्याचा उन्हाळा त्या कंपनीच्या विचारकक्षेत आलेला नव्हता हे उघड होते. बर्फातील स्वाराची बॅटरी थंडीने मान टाकते, म्हणून तो फोन अंगालगत उबेत ठेवतो. पंचेचाळीस अंशांत हँडलवर बांधलेला फोन तापून पडदा मंद करतो आणि पुढे संपच पुकारतो. स्वाराच्या खिशात उन्हाचा उतारा म्हणून कांदा असतो, फोनला तशी सोय नाही. दुचाकीच्या कंपनांनी कॅमेऱ्याची हानी होऊ शकते, असा इशाराही त्याच कंपनीने २०२१ मध्ये दिला होता. त्यामुळे फोन खिशात आणि सूचना एका कानात, ही पद्धत अधिक शहाणपणाची ठरते, मात्र ‘दोनशे मीटरवर उजवीकडे वळा’ हे वाक्य डोक्याला गुंडाळलेल्या दुपट्ट्यातून ऐकू येईल अशी दक्षता घ्यावी. गार्मिनसारखी खास यंत्रे पाऊस व धूळ सोसतात आणि त्यांपैकी काहींवर बटणे असल्याने हातमोजे घालूनही चालतात. पण त्यांची किंमत घरात सांगितल्यावर उद्भवणाऱ्या परिस्थितीतून मार्ग दाखवण्याची सोय त्यांत नाही. परदेशी बर्फस्वारांना प्रिय असलेले उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे यंत्र तर भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीवाचून बाळगता येत नाही. तसे बाळगल्यास स्वाराचा ठावठिकाणा पोलीस ठाण्यात मात्र अचूक नोंदवला जातो.

उरतो पानठेला, म्हणजे फाट्यावरचे विड्या-खर्ऱ्याचे खोके, ज्याला संशोधकांनी दिशादर्शक साधनांच्या गणनेतून अकारण वगळले आहे. त्याला नेटवर्क लागत नाही, काल रात्रीच्या सरीने कोणती पांदण बसली हे त्याला सकाळी ठाऊक असते, आणि खासगी माहिती गोळा करण्यात तर तो कोणत्याही ॲपला हार जात नाही, कारण ‘कोणाकडं चालले भाऊ?’ येथून सुरू झालेली चौकशी मुक्काम की परत, येथपर्यंत पोचल्याशिवाय रस्ता सांगितला जात नाही. त्याचा एकच दोष असा की अंतराचे त्याचे एकमेव माप ‘हे काय, समोरच त आहे’ हे असून ते एका किलोमीटरपासून अकरापर्यंत कशालाही लागू पडते.

सबब वर्धा जिल्ह्यापुरता निर्णय असा: उतरवलेल्या नकाशावर चालणारे एक ॲप आणि दुचाकीची सोय असलेले दुसरे, अशी दोन फोनमध्ये ठेवावीत, गावाच्या नावापुढे तालुका व जिल्हा लिहावा, अंतर फोनला आणि चिखल पानठेल्याला विचारावा, आणि मृगापासून हस्त संपेपर्यंत डांबरी रस्ता सोडू नये.