ब्रेक कुठाय, काका?

सोलापूरकराची आणि पाण्याची गाठ पडते ती नळावर, तीही चार-पाच दिवसांआड. अशा माणसाला रविवारी उजनी धरणाच्या काठावर नेऊन होडीत बसवलं की त्याचं भान सुटणारच. तो आधी उभा राहतो. मग मोबाइल काढतो. मग "इकडं या, इकडं या" करत अख्खं खानदान होडीच्या एकाच कडेला गोळा करतो. होडीवाला ओरडतो, "बसा की ओ खाली!"

झालं. आपल्याकडचं नौकानयनाचं प्रशिक्षण इथं सुरू होतं आणि इथंच संपतं.

आता तर उजनीवर जलपर्यटन येतंय. भिगवणच्या रोहित पक्ष्यांनी गर्दीची सवय लावलीच होती, 2024 मध्ये कोट्यवधींचा आराखडाही मंजूर झाला. उत्तम. बोटी येऊ देत, काठावर हुरडा मिळू दे, शेंगाचटणीचे स्टॉल लागू देत. फक्त एक शंका विचारून ठेवतो. ज्याने जन्मात वल्हं धरलं नाही, त्याच्या हाती तासाच्या भाड्याने होडी देण्याआधी त्याला दहा मिनिटं शिकवायचं, हा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकणार? सेल्फी पॉइंटचं लेखाशीर्ष आपल्याला लगेच सापडतं, म्हणून विचारलं.

त्याच 2024 सालाची उजळणी करू. 18 जानेवारीला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली. 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. 21 मे रोजी संध्याकाळी आपल्याच उजनीत, करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. 7 जणांपैकी एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागला, बाकी 6 जण बुडाले, त्यांत दोन चिमुकली होती. ते हौसेने निघालेले पर्यटक नव्हते. रस्त्याने मोठा वळसा पडतो म्हणून लोक पाण्यातून जातात, तशीच ती माणसं निघाली होती. मग 18 डिसेंबरला मुंबईत नौदलाची स्पीड बोट गेटवेहून निघालेल्या प्रवासी बोटीवर आदळली आणि 15 जीव गेले. त्यानंतर लाइफ जॅकेट सक्तीचं झालं. आपली सक्ती नेहमी पंचनाम्यानंतर येते.

कायदा नाही असं नाही. 1917 चा जुना कायदा मोडीत काढून 2021 मध्ये नवा अंतर्देशीय जलयान कायदा आला. बोटीची नोंदणी, तपासणी, विमा, चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र, सगळं कागदावर आहे. पण पायडल मारणारा नवरदेव आणि वल्ही उलटी धरणारे काका यांच्यासाठी काय? तिकीट. गाडीच्या लायसन्ससाठी आपण आठचा आकडा काढून दाखवतो. पाण्यात मात्र खिडकीवर पैसे टाकले की माणूस नाखवा!

विलायतेतले कालवे पाहा. तिथे सुट्टीत लांबलचक बोट भाड्याने घ्यायला लायसन्स लागत नाही. पण बोट देणारा किल्ली फेकून चहाला जात नाही. तो इंजिन दाखवतो, सुकाणू हातात देतो, दोर बांधायला लावतो आणि मगच उतरतो. वेग किती? तासाला 4 मैल. आपले आजोबा सकाळी फिरायला जातात तेवढाच.

तर त्या दहा मिनिटांत सांगायचं काय? पहिली गोष्ट, होडीला ब्रेक नसतो. नवशिक्याची सगळी फजिती या एका वाक्यात आहे. मधल्या पाण्यात कुणीही बहाद्दर असतो, परीक्षा काठाजवळ होते. धक्का जवळ आला की घाईने वेग वाढवायचा नाही, उलट बराच आधी सोडून द्यायचा. यायचं ते वाऱ्याला तोंड देऊन, म्हणजे वारंच होडीला आवरतं. पाठीवर वारा घेऊन आलात तर धक्क्याला धडकलाच म्हणून समजा. आणि धडकतेय असं दिसलं की आपल्यातला शूर माणूस काय करतो? पाय बाहेर काढून होडी अडवतो. हे तेवढं करू नका. माणसांनी भरलेल्या होडीचं वजन आणि दगडी धक्का यांच्यामध्ये तुमची नडगी काहीही सिद्ध करू शकत नाही.

दुसरं, आधी दोर, मग माणसं. वारा किंवा प्रवाह जिकडून येतो त्या बाजूचं टोक पहिलं बांधायचं, मग दुसरं, मग एकेकाने उतरायचं. उडी मारून नाही, पाऊल टाकून. तुम्ही पुढे उडी मारली की होडी मागे सरकते आणि तुमच्यानंतरची मावशी मधल्या फटीत उतरते. दोराचा वेढा हाताला गुंडाळून उभं राहायचं नाही, झटका बसला की आधी बोटं जातात.

उजनीचं दुखणं आणखी वेगळं. एकूण साठा 117 टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त, 63 टीएमसीच्या वर, मृतसाठा. म्हणून तर आपल्या बातम्यांत धरण 'मायनसमध्ये' जातं. जानेवारीत जिथे होडी लागते तिथे मे महिन्यात गुडघाभर गाळ असतो. पाणी उतरलं की पळसदेवचं मंदिर वर येतं आणि आपण फोटो काढायला धावतो. पण तसंच बुडलेलं बरंच काही, झाडांचे बुंधे, जुन्या भिंती, वीतभर पाण्याखाली दबा धरून असतं. त्यात मासेमारीची जाळी. पंख्यात जाळं अडकलं की इंजिन बंद आणि वारं नेईल तिकडे तुम्ही.

आणि वारं नेतंच. उन्हाळ्यात दुपार कलली की वळवाचा ढग कधी चढेल याचा नेम नाही. मैलोन्‌मैल उघडं पाणी, आडोसा शून्य, लाटा बघता बघता उठतात. अशा वेळी लाट आडवी घ्यायची नाही, होडीचं नाक लाटेकडे ठेवायचं, सगळ्यांनी मध्यभागी खाली बसायचं. उलटलीच तर पोहत काठ गाठायचा पराक्रम करू नये, पालथ्या होडीला धरून राहावं. मुळात पश्चिमेला काळं दिसलं की निघूच नये, पण पैसे भरलेत ना!

लाइफ जॅकेटबद्दल काय बोलावं? एक तर ते बाकाखाली असतं, किंवा फोटोपुरतं खांद्यावर. पट्टे न लावलेलं जॅकेट पाण्यात तुमच्याआधी वर येतं, तुम्हाला न घेता. चार वर्षांच्या पोराला बापाच्या मापाचं चढवणारेही भेटतात.

हे सगळं शिकवायला परदेशातून सल्लागार आणायचं कारण नाही. पंढरपुरात चंद्रभागेवर वारकऱ्यांना गोपाळपूर-विष्णुपदाकडे नेणारे कोळी बांधव आहेत. उजनीवर आयुष्य घालवलेले मच्छीमार आहेत. त्यांना वाऱ्याचा वास येतो. त्यांना मान द्या, मानधन द्या आणि 'आज होडी सुटणार नाही' म्हणायचा अधिकार द्या. हा तिसरा आयटम आराखड्यात घालायला सगळ्यात अवघड, कारण पुढाऱ्याच्या पाहुण्यांनाही तो लागू होईल. त्यापेक्षा आपल्याला 'पाण्यात उतरणे धोक्याचे आहे, आदेशावरून' ही पाटी सोपी वाटते. पाटीला पगार नाही आणि पाटी नाहीही म्हणत नाही.

तोवर तुमचं तुम्ही पाहा. रविवारी उजनीला जा, महाबळेश्वरला वेण्णा तलावावर जा, कुठेही जा. पैसे देण्याआधी होडीवाल्याला तीनच प्रश्न विचारा: पोरांच्या मापाचं जॅकेट आहे का, होडीत किती जण बसवता आणि वारं सुटलं तर काठाला कुठं लावायची? तो हसला, तर काठावर बसून चहा घ्या आणि घरी या.