आधी पर्ची, मग कळ

रात्री अकरा वाजता दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत दोन प्रकारचे रुग्ण येतात. एकाचं रक्त बाहेर आलेलं असतं, दुसऱ्याचं आतच बिघडलेलं असतं. पहिल्याला स्ट्रेचर मिळतं. दुसऱ्याला प्रश्न मिळतात.

“कहाँ दर्द है?”

“पूरे बदन में, सर.”

“कब से?”

“बचपन से.”

इथे पेन थांबतं. बचपन से दुखतंय म्हणजे आज रात्री घाई करण्यासारखं काही नाही, असा सरळ हिशोब लागतो. नाडी ठीक, बीपी ठीक, हाड मोडलेलं नाही, एक्स-रे स्वच्छ. एवढा चांगला रिपोर्ट असलेला माणूस ओरडतो कशाला? मग सोबत आलेल्या बापाला हुकूम सुटतो: आधी पर्ची बनवून आणा. पर्चीच्या खिडकीत आधार विचारतात, आयुष्मान कार्ड विचारतात, मोबाईलवर ओटीपी पाठवतात. ज्या मोबाईलवर ओटीपी जातो तो घरी चार्जिंगला लावलेला असतो.

कुठल्या एका रुग्णालयाचं नाव घेत नाही. घेतलं तर बाकीच्यांना वाईट वाटेल.

हे दुखणं सिकलसेलचं. छत्तीसगडात साधारण दहा माणसांमागे एक जण त्याचा वाहक आहे. वाहकाला सहसा काही होत नाही. पण नवरा-बायको दोघेही वाहक निघाले, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता चारात एक. रक्तातल्या गोल, मऊ लाल पेशी ऑक्सिजन कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. पुढे रक्त जात नाही. ज्या हाडाला रक्त पोचत नाही ते हाड ओरडतं: पाठ, मांड्या, छाती, खांदे. थंडी वाजली, ताप आला, पाणी कमी पडलं, दगदग झाली की कळ सुरू, आणि सुरू झाली की दिवसचे दिवस. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकणाऱ्या आमच्या दुर्ग-भिलाईत पाणी कमी पडायला निमित्त लागत नाही. कळ छातीत उतरली आणि फुप्फुसं भरली, तर जीवही जातो.

हा काही कालपरवा सापडलेला आजार नाही. मध्य भारतात सिकलसेल आहे, हे नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून टाकलं होतं. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा पहिला ब्लास्ट फर्नेस सुरू झाला ४ फेब्रुवारी १९५९ ला. म्हणजे हा आजार कारखान्यापेक्षा सीनिअर. विदर्भातून इथे नोकरीला आलेल्या आमच्या मराठी मंडळींनी सोबत लोणच्याची बरणी आणली, गणपती आणला आणि काहींनी नकळत हा जनुकही आणला. इथे तो होताच. साहू, कुर्मी, गोंड, हलबा अशा कितीतरी घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला आहे. विदर्भातल्या तेली आणि महार घरांची गोष्टही वेगळी नाही. एकूण, या बाबतीत छत्तीसगड आणि विदर्भ यांच्यात सीमावाद नाही.

आता घड्याळाकडे बघू. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेने २०१२ मध्ये लिहून ठेवलं की सिकलसेलची कळ घेऊन आलेल्या माणसाला दवाखान्यात पोचल्यापासून ३० मिनिटांच्या आत वेदनाशामक द्या. अमेरिकेतल्या रक्तविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये एक तास सांगितला आणि वर बजावलं की दर अर्ध्या ते एक तासाने पुन्हा विचारा, उतरलं का. आपल्याकडे दर अर्ध्या तासाने विचारतात, पण “पैसे जमा केले का?” एवढंच.

ब्रिटन म्हणजे स्वर्ग, असं समजू नका. २०१९ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात दाखल असलेल्या २१ वर्षांच्या सिकलसेलच्या तरुणाने ऑक्सिजन मिळावा म्हणून पलंगावरूनच ९९९ या आपत्कालीन क्रमांकाला फोन केला होता. तो वाचला नाही. त्यानंतर २०२१ मध्ये तिथल्या खासदारांच्या गटाने अहवाल काढला, त्याचं नावच ‘नो वन्स लिसनिंग’. नियम असूनही हे झालं. पण नियम मोडला म्हणून कुणाला धारेवर धरायचं, तर वेळेचा आकडा आधी कुणीतरी लिहिलेला असावा लागतो. आपल्याकडे कागदावर सूचना आहेत, नाही असं नाही. रुग्ण किती वाजता दारात आला आणि पहिली सुई किती वाजता बसली, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिलेलं रजिस्टर मात्र मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

आणि हे भिलाईत! मिनिटांच्या हिशोबावर जे गाव उभं राहिलं, तिथे. प्लांटमध्ये एखादं युनिट वीस मिनिटं थांबलं तर त्याची नोंद होते, कारण लिहिलं जातं, दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये कुणाला तरी मान खाली घालून उत्तर द्यावं लागतं. वितळलेलं लोखंड थंड होऊ द्यायचं नाही, हे शिफ्टमध्ये आलेल्या नव्या पोराला पहिल्याच दिवशी कळतं. तोच माणूस नाइट शिफ्ट संपवून स्वतःच्या मुलाला कॅज्युअल्टीत घेऊन जातो, तेव्हा मुलगा दोन तास बाकावर आडवा आणि नोंद कुठेच नाही. लोखंडाचं नुकसान दिसतं, ते टनात मोजता येतं. कळेला वजन नाही.

सुईपर्यंत पोचलो तर पुढची परीक्षा. बहुतेक वेळा मिळते ती डायक्लोची सुई. थोड्या दुखण्याला ती पुरते. पण या आजारात किडनी आधीच थकलेली असते आणि डायक्लो किडनीवरच येते, म्हणून ती जपून द्यायची असते. शिवाय मोठी कळ तिला दाद देत नाही. मग रुग्ण स्वतःच सांगतो, “सर, पिछली बार ट्रामाडोल से आराम मिला था.” झालं! औषधाचं नाव घेतलं. बाहेर कुजबुज होते: आदत लग गई है इसको. ज्याला औषधाचं नाव ठाऊक नाही तो अडाणी, ज्याला ठाऊक आहे तो नशेडी. आयुष्यभर एकच आजार अंगावर काढलेल्या माणसाने त्यावरचं एक औषध लक्षात ठेवलं, हा त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरतो.

तेच ट्रामाडोल एप्रिल २०१८ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. त्याचा गैरवापर होत होता, हे खोटं नाही. पण बंदोबस्त कडक झाला की चोराला गल्ली सापडते आणि रुग्णाला खिडकी बंद दिसते.

मॉर्फिनची कथा तर आणखी रंगतदार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये वेदनेच्या उपचाराची शिडी सांगितली, तिच्या वरच्या पायरीवर मॉर्फिन. औषध जुनं, स्वस्त, सगळ्या जगाने वापरलेलं. अफूपासून होतं. अफू आपल्याच देशात सरकारी परवान्याने पिकते, मंदसौर-नीमचच्या शेतांत. तिच्यावर प्रक्रिया करणारा सरकारी कारखाना नीमचलाच आहे. ३१ ऑक्टोबर २००० पर्यंत नीमच आणि भिलाई एकाच राज्यात होती! मध्य प्रदेशाच्या एका टोकाला जगाची वेदना शमवणारा माल तयार होत होता आणि दुसऱ्या टोकाला लोक दात-ओठ खात सकाळच्या ओपीडीची वाट बघत होते. मग राज्य वेगळं झालं. वाट बघणं तेवढं वाटणीत आमच्याकडे आलं.

हे कसं झालं? १९८५ मध्ये अमली पदार्थांचा कायदा आला. मॉर्फिन ठेवायचं तर रुग्णालयाला चार-पाच परवाने, तेही वेगवेगळ्या खात्यांचे, आणि सगळे एकाच वेळी चालू असले पाहिजेत. एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हातात पडत नसे. पुढच्या बारा-तेरा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. नशा करणाऱ्यांनी नशा सोडली नाही, डॉक्टरांनी औषध सोडलं. केरळच्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर २०१४ मध्ये कायदा सुधारला. आता राज्याच्या औषध नियंत्रकाने मान्यता दिली की पुरे. अडचण एवढीच, की मान्यता मागायला रुग्णालयाने अर्ज करावा लागतो. अर्ज करायचा म्हणजे साठ्याचं रजिस्टर आलं, तपासणी आली, जबाबदारी आली. त्यापेक्षा “हमारे यहाँ नहीं मिलता” हे चार शब्द सोपे.

अमेरिकेत अशाच गोळ्या डॉक्टरांनी खिरापतीसारख्या वाटल्या आणि लाखो लोक बुडाले, हे कुणीही तोंडावर फेकेल. बरोबर आहे. तिथे अति झालं म्हणून इथे शून्य ठेवायचं, याला सावधपणा म्हणत नाहीत.

राजगोपाल यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच यादीत नागपूरचे संपत रामटेके होते, ज्यांनी सिकलसेलग्रस्तांची संघटना बांधली. वेदनेचं औषध आणि वेदनेचा आजार, दोघांच्या मागे लागलेली माणसं सरकारने एकाच वर्षी गौरवली. गौरव झाला, औषध आणि आजार यांची गाठ अजून पडायची आहे.

सरकार काहीच करत नाही, असं म्हटलं तर पाप लागेल. १ जुलै २०२३ ला शहडोलला पंतप्रधानांनी सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. १७ राज्यं, सात कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत आजार हद्दपार. तपासणी झालीही भराभर. कार्डं वाटली गेली, कार्डासोबत फोटो निघाले. मोजायला सोपं ते आपण मोजतो: नमुने, कार्डं, शिबिरं. २०४७ चा पत्ता पाठ आहे. आज रात्री अकरा वाजता कॅज्युअल्टीत आलेल्या मुलाचं काय, हा प्रश्न अभियानाच्या पोस्टरवर मावत नाही. हायड्रॉक्सियुरियाची गोळी कळ येण्याचं प्रमाण कमी करते, हे १९९५ पासून सिद्ध आहे, आणि ती महागही नाही. नेमाने घ्यावी लागते, अधूनमधून रक्त तपासावं लागतं. म्हणजे नेम रुग्णाने पाळायचा आणि पुरवठ्याने पाळला तर नशीब. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये जनुकांतच फेरफार करणाऱ्या उपचाराला परवानगी मिळाली, किंमत २२ लाख डॉलर. आम्हाला जनुक आज नाही दुरुस्त झाला तरी चालेल बाप्पा, सलाइन तेवढं वेळेवर लावा.

दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यातही सिकलसेल आहे, एकवीस प्रकारांमध्ये. लोकांनी पेढे वाटले. मग कलम ३४ वाचलं. सरकारी नोकरीच्या आरक्षणात ज्या गटांची नावं आहेत, त्यांत रक्ताचे आजार नाहीत. म्हणजे सरकार मानतं की तू दिव्यांग आहेस, फक्त नोकरी मागायला येऊ नकोस. आणि महिन्यातून चार दिवस बिछान्यात जातात म्हणून खासगी मालक ठेवत नाही.

ड्यूटीवरच्या डॉक्टरला शिव्या घालून भागणार नाही. जीई रोडवरचा अपघात, साप चावलेला शेतकरी, अडलेली बाळंतीण आणि हा मुलगा, सगळे एकाच वेळी एका तरुण डॉक्टरपुढे येतात. जो रक्तबंबाळ आहे त्याच्याकडे तो आधी धावणारच. म्हणूनच निर्णय त्याच्यावर सोडायचा नसतो. लेखी आदेश हवा: सिकलसेलचं कार्ड दाखवलं की नर्सने लगेच सलाइन लावायचं, रुग्णाच्या कागदावर आधीच ठरवून लिहिलेलं औषध द्यायचं, वेळ टाकायची, अर्ध्या तासाने पुन्हा विचारायचं. पर्ची बाप मागाहून आणेल. याला नवी इमारत लागत नाही, मंत्र्यांची फीत लागत नाही. कदाचित म्हणूनच होत नसावं.

होत नाही ते करून घेतल्याचं उदाहरण लांबचं नाही. ज्यांनी खणलेलं लोहखनिज भिलाईच्या भट्ट्यांत पडतं, त्या दल्ली-राजहराच्या खाणमजुरांनी १९८३ मध्ये स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून शहीद हॉस्पिटल उभं केलं. त्यांनी कुणाच्या अभियानाची वाट पाहिली नाही. आपल्याला रुग्णालय बांधायचं नाही, फक्त एक अर्ज लिहायचा आहे. माहितीचा अधिकार, शुल्क दहा रुपये. आपापल्या गावच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाला तीनच प्रश्न विचारा. मॉर्फिन ठेवण्याची मान्यता आहे का? आज साठा किती आहे? मागच्या महिन्यात सिकलसेलची कळ घेऊन आलेल्या रुग्णांना पहिलं वेदनाशामक किती मिनिटांनी मिळालं? उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. पण माहिती कुणाच्या जिवाशी संबंधित असेल तर कायद्याच्या कलम ७ नुसार ती ४८ तासांत द्यावी लागते. अर्जावर ते कलम ठळक लिहायला विसरू नका.