टर्बोची वाट कशी पाहावी

स्वस्तातली स्पोर्ट्स कार विकत घेणं सोपं असतं. पैसे भरायचे, चार ठिकाणी सह्या करायच्या, किल्ली घ्यायची. तीच गाडी ‘टर्बो आला की घेऊ’ म्हणून वर्षानुवर्षं न घेणं, हे मात्र येरागबाळ्याचं काम नव्हे. त्याला चिकाटी लागते, स्मरणशक्ती लागते, आणि वेळेवर ती नसणंही लागतं. या साधनेचं शिक्षण कुठेही मिळत नसल्यामुळे पुढील मार्गदर्शन.

सुरुवात दैवत निवडण्यापासून करावी. आमची शिफारस टोयोटा ८६ आणि तिची जुळी बहीण सुबारू बीआरझेड. अमेरिकेत टोयोटावाली बहीण पहिली काही वर्षं सायन एफआर-एस या माहेरच्या नावाने नांदली. गाडी एकच, नावं तीन. २०१२ साली ती आली तेव्हा पुढे दोन लिटरचं इंजिन, मागच्या चाकांना ताकद, वजन साडेबाराशे किलोंच्या आसपास, २०० हॉर्सपॉवर आणि अमेरिकेत किंमत साधारण २५ हजार डॉलर. सिलिंडरचा व्यास ८६ मिलिमीटर आणि पिस्टनची धावही ८६ मिलिमीटरच. आकड्यांचा एवढा मेळ जमवणारी माणसं टर्बो लावायला विसरली असतील, हे साधकाने क्षणभरही मानू नये. ठेवला आहे त्यांनी. कुठेतरी कपाटात.

आता तक्रार. ‘गाडीत दम नाही’ असं म्हणणारा नवशिका ओळखू येतो. जाणकाराने ‘खड्डा’ म्हणावं. या पहिल्या इंजिनाचा टॉर्क मिनिटाला तीन-साडेतीन हजार फेऱ्यांनंतर जरा बसायचा आणि साडेचार हजारांच्या पुढे पुन्हा उठायचा. आलेख कागदावर काढला की मधोमध खळगा दिसे. रस्त्यातले खड्डे चुकवत मोठ्या झालेल्या आपल्या वाचकाला हा प्रकार समजायला जड नाही. फरक एवढाच, की हा खड्डा इंजिनाच्या आतच असल्यामुळे चुकवायला बाजूला घेता येत नाही. यावर उपाय काय, असं कुणी विचारण्याची वाट न पाहता उत्तर द्यावं: टर्बो.

अफवेला विरजणासारखं चमचाभर सत्य लागतं. ते इथे आयतंच आहे. सुबारूच्याच घरातल्या डब्ल्यूआरएक्सला २०१५च्या मॉडेलपासून दोन लिटरचंच, त्याच कुळातलं टर्बो इंजिन मिळालं, २६८ हॉर्सपॉवरचं. थोरल्याचा सदरा धाकट्याला घालावा तसं ते उचलून इकडे बसवायचं, इतकं सोपं. कुणी शहाणा म्हणेल की बसत नाही. तो कारणं सांगेल. धाकट्याचं इंजिन मिश्रण साडेबारा पट दाबतं, टर्बोवाल्याला साडेदहाच्या आसपासच थांबावं लागतं, म्हणजे आतली घडणच निराळी. ते आडवं बॉक्सर इंजिन जमिनीलगत बसवलंय ते गाडीचा तोल खाली राहावा म्हणून. त्यात टर्बो, त्याच्या नळ्या, हवा थंड करणारा इंटरकूलर आणि एवढी उष्णता कोंबायची कुठे? शिवाय ताकद वाढली की क्लच वाढवा, गिअरबॉक्स वाढवा, ब्रेक वाढवा, टायर वाढवा (मुळातले टायर प्रियससारख्या पापभीरू गाडीला शोभतील असे होते, मागचं टोक सहज घसरावं म्हणून). मग किंमत वाढवा. आणि एवढं वाढवल्यावर ती स्वस्तातली स्पोर्ट्स कार राहत नाही. हे सगळं बरोबर आहे, म्हणूनच ऐकत बसू नये. ‘मला आतून कळलंय’ एवढं म्हणून चहा मागवावा.

नकाराचं करायचं काय, हा साधनेतला अवघड धडा. टोयोटाचे मुख्य अभियंता तेत्सुया तादा यांनी या गाडीची आखणीच तीन नकारांवर केली: टर्बो नको, चारही चाकांना ताकद नको, फार चिकट टायर नकोत. माणूस इतकं स्पष्ट बोलला की साधी माणसं निराश होतात. पण आपल्याकडे लग्नाच्या बोलणीत ‘मुलगी अजून शिकतेय’ याचा अर्थ ‘स्थळ जरा वरचं आणा’ असा लावायची रीत आहे. तीच इथे लावावी. ‘टर्बो येणार नाही’ म्हणजे यंदा नाही. ‘कधीच येणार नाही’ म्हणजे नमुना तयार आहे आणि चाचणी चालू आहे. अधिकारी नुसताच हसला तर बुकिंगची रक्कम बाजूला काढावी. भरू नये.

वर्षाचे सण वाहनप्रदर्शनांवरून ठरवावेत. २०११ मध्ये लॉस एंजेलिसला बीआरझेड कन्सेप्ट एसटीआय दिसली (एसटीआय म्हणजे सुबारूचा शर्यतवाला विभाग). आधी चाहूल, मग आरती. २०१५ला न्यूयॉर्कमध्ये आणखी एक आली, पाठीवर भलामोठा पंख आणि बॉनेटखाली शर्यतीच्या गाडीचं टर्बो इंजिन. त्या दिवशी कित्येकांनी घरी सांगून टाकलं असेल. प्रदर्शनातली गाडी ही दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासारखी असते, आतल्या मजकुराशी तिचा संबंध असेलच असं नाही, हे त्या दिवशी कुणालाही सांगू नये. पाप लागतं.

परंतु खरा कस लागला तो २०१७च्या उन्हाळ्यात, आणि प्रत्येक साधकाने हा प्रसंग वर्षातून एकदा तरी आठवावा. सुबारूच्या अमेरिकेतल्या लोकांनी एक फोटो सोडला. फोटोत गाडी नव्हती. गाडीच्या मागचा पंख होता आणि त्यावर एसटीआय ही अक्षरं. बस. तेवढ्यावरून किती सिलिंडर, किती बूस्ट, कोणता गिअरबॉक्स, सगळं निघालं. पत्रिकेवरून नातवंडांची संख्या काढणारे आमच्या गल्लीतले गुरुजी यापुढे फिके पडले असते. काही दिवसांनी पडदा उठला: बीआरझेड टीएस. अमेरिकेसाठी फक्त ५०० गाड्या, सुधारलेलं सस्पेन्शन, उत्तम ब्रेक, तोच पंख, ३३ हजार डॉलरच्या वर किंमत आणि इंजिन जसंच्या तसं. २०५ हॉर्सपॉवर. नेहमीच्या बीआरझेडला तोवर झाली होती तेवढीच. अशा वेळी रडू नये, गाडीला शिव्याही देऊ नयेत. ‘म्हणजे खरी एसटीआय यानंतर येणार’ असं म्हणावं. ज्याला हे वाक्य फोटो पाहून आठवड्याच्या आत, मान खाली न घालता म्हणता आलं, त्याला आम्ही सिद्धपुरुष मानतो.

इथे एक पोटनियम. टर्बोची वाट पाहताना टर्बोचा इतिहास वाचू नये. जनरल मोटर्सने १९६२ साली ओल्ड्समोबिल जेटफायर काढली. टर्बोसकट विकत मिळणाऱ्या पहिल्या गाड्यांतली ही एक. इंजिनात नको तिथे भडका उडू नये म्हणून तिला एका वेगळ्या टाकीतून पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण पाजावं लागे. मालक ती टाकी भरायचे विसरत. शेवटी कंपनीनेच टर्बो काढून देण्याची सोय केली. असलं काही वाचनात आल्यास पान उलटावं.

मोठं संकट आलं नोव्हेंबर २०२० मध्ये. नवी बीआरझेड येणार, तीत २.४ लिटरचं इंजिन असणार, हे कळलं होतं. आणि सुबारूच्या असेंट या मोठ्या कौटुंबिक गाडीत २.४ लिटरचं इंजिन टर्बोसकट, २६० हॉर्सपॉवरचं, आधीपासूनच धावत होतं. दोन अधिक दोन. लोकांनी पाच केले. गाडी आली ती टर्बोशिवाय, २२८ हॉर्सपॉवर घेऊन. पाठोपाठ टोयोटाची जीआर८६ही त्याच इंजिनासह. हेही सोसलं असतं. पण या इंजिनाचा सगळ्यात जास्त टॉर्क ३७०० फेऱ्यांवरच मिळतो, म्हणजे बरोबर जिथे खड्डा होता तिथे. आठ-नऊ वर्षं जपलेली तक्रार त्यांनी नुसत्या मोठ्या सिलिंडरने बुजवून टाकली. याला आम्ही विश्वासघात म्हणतो. अनेकांनी या धक्क्यात चक्क गाडी विकत घेतली.

ज्यांचं मन खंबीर होतं त्यांना २०२२ साली फळ मिळालं. जपानमधल्या सुपर ताइक्यू शर्यतींत टोयोटाने एक जीआर८६ उतरवली, १.४ लिटरच्या तीन सिलिंडरच्या टर्बो इंजिनावर! ती कार्बन-न्यूट्रल इंधन तपासण्यासाठी होती, विक्रीसाठी नव्हती, ही माहिती बारीक आवाजात सांगावी. ‘टोयोटाने स्वतःच बसवला’ हे मोठ्याने.

मराठी साधकाला एक नैसर्गिक सवलत आहे. पुण्यातले माझे एक स्नेही गेली दहा वर्षं या टर्बोसाठी थांबले आहेत, आणि ही गाडी भारतात विकायलाच नाही. त्यामुळे मोहात पडून टर्बोविना घेऊन टाकण्याचा धोका त्यांना मुळी नाहीच. व्रत इतकं निर्धोक असावं. न्यू जर्सीत राहणाऱ्या त्यांच्या भाच्याला ही सोय नव्हती. शोरूम घरापासून वीस मिनिटांवर.

त्याने घेतली. टर्बो नसलेलीच, हाताने गिअर टाकायची. अशा माणसांपासून जपून राहावं. ती वाद घालत नाहीत, आलेख काढत नाहीत. रविवारी सकाळी लवकर उठून सात हजार फेऱ्यांपर्यंत इंजिन ओढून येतात आणि नाश्त्याला हसत बसतात. मामा अमेरिकेत गेले तेव्हा भाच्याने तिसऱ्याच दिवशी गाडी दारात उभी केली, किल्ली पुढे केली आणि म्हणाला, “मामा, एक चक्कर मारून बघता का?”

अशा वेळी दोन्ही हात खिशात ठेवावेत.