कोल्लिडमच्या पलीकडचे

"तुमच्या उत्तरेत असंच करतात-आ?"

मी कॉफीत अर्धा चमचा साखर जास्त मागितली होती, एवढंच. पण रायरमामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की बँकेत खोटी सही पकडल्यावर आम्हीही माणसाकडे इतकं वाईट पाहत नाही.

तुमच्या ओळखीत असा एक असणारच. न्यूजर्सीहून दरवर्षी येऊन तुमच्या गणपतीत काय चुकतंय ते सांगणारा. बडोद्याचा, इंदूरचा, ग्वाल्हेरचा. मुळापासून जितका लांब, तितका मुळाचा मालक. रायरमामा त्या जातीतले सगळ्यांत ज्येष्ठ. त्यांचं घराणं लांब जाऊन साडेतीनशे वर्षं झाली.

बँकेने मला नागपूरहून उचलून कुंभकोणमला टाकलं, तेव्हा घर दाखवणारा एजंट म्हणाला, "मालक रायर आहेत, तुमचीच माणसं." तमिळ मुलखात मराठी माणसाला रायर म्हणतात. मी मनात म्हटलं, चला, निदान घरात तरी आपली भाषा! पांढरी वेष्टी नेसलेले, उघड्या अंगाचे मामा झोपाळ्यावर बसले होते. "गाव कोणतं?" त्यांनी मराठीत विचारलं. माझा जीव भांड्यात पडला. "नागपूर," मी म्हणालो. "अच्चा," मामा म्हणाले, "नॉर्थ इंडियन."

आता हा आघात समजून घ्या. मी जन्मभर नांदेडच्या पलीकडल्या सगळ्यांना 'मद्रासी' म्हणत आलो. इडलीवाला मद्रासी, नारळवाला मद्रासी, रेल्वेतला टीसी मद्रासी. आणि आज एक मराठी माणूस मला मराठीतूनच उत्तर भारतीय म्हणत होता. मी म्हटलं, नागपूर उत्तरेत नाही, मध्यात आहे, तिथे झिरो माइलचा दगडसुद्धा आहे. मामा म्हणाले, "मध्य मणजे उत्तरच. जरा लाजणारी."

बायको खुदकन हसली. ती सांगलीची. तिच्या माहेरच्या मते नागपूर हे मध्य प्रदेशाचं अंगण आहे आणि मी 'करून राहिलो, येऊन राहिलो' असं बोलतो म्हणजे मूळचा हिंदीच. पण तिचं हसू चार दिवसही टिकलं नाही. तिने मला "माझी जरा मदत कर" म्हटलेलं मामांनी जिन्याखालून ऐकलं आणि खालूनच ओरडले, "मला! मला मदत कर! माझी मदत ही हिंदी!" त्यांच्या स्वतःच्या मराठीत दर वाक्याच्या शेपटीला तमिळ 'आ' लोंबत असतो, मधूनमधून 'सुम्मा' येतं, त्याचं काही नाही. आमच्यात हिंदी मिसळली तर भेसळ आणि त्यांच्यात तमिळ मिसळली तर फोडणी.

उत्तर नेमकी कुठे सुरू होते, हे मामांकडे पक्कं ठरलेलं आहे. विंध्य नाही, नर्मदा नाही, कृष्णाही नाही. कुंभकोणमच्या उत्तरेला थोड्याच अंतरावर कावेरीची मोठी शाखा वाहते, कोल्लिडम. तिच्या पलीकडे उत्तर. म्हणजे चेन्नई उत्तर, तिरुपती उत्तर, आणि पुणे तर जवळजवळ काश्मीर.

ही सीमा त्यांनी हवेतून काढलेली नाही. १६७७ साली दक्षिणेच्या स्वारीत शिवाजीमहाराज कोल्लिडमच्या उत्तर काठी तिरुमळवाडीला येऊन थांबले. तंजावर तेव्हा सावत्र भाऊ व्यंकोजीराजांकडे. महाराजांनी त्यांना भेटीला बोलावलं, मेजवान्या झाल्या, आणि मग शहाजीराजांच्या दौलतीतला निम्मा वाटा मागितला. व्यंकोजीराजे एका रात्री गुपचूप तराफ्यावर बसून नदी ओलांडून परत गेले. आपण शाळेत हे वाचताना व्यंकोजीराजांना थोडं हसतो. कुंभकोणमात हसायची सोय नाही. मामा त्यांचे वकील आहेत आणि खटला अजून चालू आहे.

"थोरला भाऊ जेवायला बोलावतो. बरोबर फौज किती?"

"बरीच."

"जेवायला फौज लागते-आ?"

पुढे लढाई झाली, व्यंकोजीराजांच्या राणी दीपाबाईंनी समेटासाठी खटपट केली, महाराजांनी भावाला उदासी सोडून कामाला लाग असं पत्र लिहिलं, हे सगळं मी सांगून पाहिलं. मामा म्हणाले, "वाटा मागायचा, आणि वर उपदेश. उत्तर!"

यानंतर आमच्या घरातल्या प्रत्येक गोष्टीला दिशा चिकटली. आलं घालून उकळलेला चहा? उत्तरेचा कषाय. घरात चपला? उत्तर. बायकोने वरणात गूळ घातला, उत्तर. मी रात्री दहाला जेवलो, घोर उत्तर. आमच्या कुलरला तर ते 'नागपूरचा हत्ती' म्हणत. त्यांच्याकडे मात्र पहाटे पाचला पितळी फिल्टरच्या वरच्या मजल्यावर कॉफीची पूड दाबली जाई, वरून उकळतं पाणी, आणि खालच्या मजल्यात थेंब थेंब डिकॉक्शन. त्याला पुन्हा आच दाखवायची नाही. तापलेलं दूध ओतायचं, टंबलर हातभर उंच धरून डबऱ्यात धार सोडायची, परत टंबलरमध्ये, परत डबऱ्यात, फेस चढेपर्यंत. मामांचे हात थरथरत, पण धार कधी चुकली नाही. ही कुंभकोणमची डिग्री कॉफी, आणि हिच्यातच मी अर्धा चमचा साखर मागितली होती.

सांबाराचा प्रसंग तर मी विसरूच शकत नाही. तंजावरच्या मराठी दरबारात संभाजीराजे पाहुणे आले, आमटीला आमसूल मिळेना, म्हणून चिंच घातली आणि पदार्थाचं नाव पडलं सांबार, ही दंतकथा तुम्ही ऐकली असेल. मामा ती आमसुलाच्या सालीपर्यंत तपशील देऊन सांगतात, जणू त्या दिवशी वाढपी तेच होते. संपल्यावर मी सहज म्हणालो, "आमच्याकडे विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर."

मामांचा झोपाळा थांबला.

"कोथिंबीर मणजे, सांबारावर घालता ती?"

"हो. तिची वडी करतो. सांबारवडी."

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराबाहेर एक जुडी ठेवलेली होती आणि भाजीवालीकडून निरोप: "रायर म्हणाले, वरच्यांना त्यांचं सांबार द्या."

सासूबाई सांगलीहून आठवडाभर आल्या, तेव्हा मात्र मी खुर्ची ओढून बसलो. सांगलीचं माणूस, नाट्यपंढरीचं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं आणि मराठी रंगभूमी जन्मली, हे त्यांनी पहिल्या चहालाच सांगून टाकलं. मामांनी डोळे मिटले. "आमचे शाहराजे १६८४ ला गादीवर आले. 'लक्ष्मीनारायण कल्याण' त्यांचं. मराठी नाटक. तुमची रंगभूमी जन्मली तेव्हा आमची पणजी झाली होती." सासूबाईंनी सात दिवसांत मामांशी पुन्हा एकच वाक्य काढलं: "येते हं." मामांनीही एकच: "जाऊन या," जे तमिळ पद्धतीने प्रेमाचं असतं आणि सांगलीत कसं ऐकू येतं ते देवच जाणे.

मामांचं सगळ्यांत आवडतं पान म्हणजे दिवाण. सर टी. माधवराव, १८२८ साली कुंभकोणमात जन्मलेले मराठी माणूस. त्रावणकोरचे दिवाण, मग होळकरांचे, आणि १८७५ पासून बडोद्यात, सयाजीराव लहान होते तेव्हा. आणखी एक कुंभकोणमवाले, रघुनाथराव, इंदूरचे दिवाण. माझ्या बँकेतलं सर्व्हर बंद पडलं, गल्लीतला दिवा गेला, नागपुरात माझ्या भावाने दुकान बंद केलं, काहीही होवो, मामा म्हणणार: "उत्तरेत चालवायला माणूस मिळत नाही. आम्हाला पाठवावा लागतो." बडोदा भौगोलिकदृष्ट्या पश्चिमेला आहे, हे मी त्यांना दोन वर्षांत सांगू शकलो नाही.

दोन्हीकडचं भोसल्यांचं राज्य डलहौसीच्या हातात गेलं, तेवढ्यापुरता तरी बंधुभाव वाटेल म्हणून मी एकदा नागपूरच्या भोसल्यांचा विषय काढला. मामा बोटं मोजत म्हणाले, "तुमचं १८५४. आमचं १८५५." आणि समाधानाने मान डोलावली. म्हणजे बुडण्यातही त्यांनी आम्हाला एका वर्षाने मागे टाकलं.

मामांचा मुलगा अटलांटात असतो. त्याच्याकडे जाऊन आल्यावर मामा आठवडाभर फुलून होते: तिथेही उत्तर आणि दक्षिण आहे! दक्षिणवाले उत्तरेच्या लोकांना यँकी म्हणतात, सावकाश बोलतात, मक्याच्या रव्याची उकड नाश्त्याला खातात, पाहुण्याला उपाशी जाऊ देत नाहीत, आणि १८६५ साली हरलेली लढाई अजून जेवताना लढतात. "अगदी आमच्यासारखी माणसं!" मी संधी साधली. "मामा, ते गरम चहात भरपूर साखर विरघळवून तो गार करून पितात. म्हणजे जास्ती साखर ही दक्षिणेचीच रीत." मामा विचारात पडले. मग म्हणाले, "नकाशा पाहा. अटलांटासुद्धा कोल्लिडमच्या उत्तरेलाच."

इथे थांबायला हवं होतं. पण मी पुढे म्हणालो की तिथले दक्षिणवाले लढले ते गुलामगिरी टिकवायला. मामा गप्प झाले. त्यांच्या आजोबांची कावेरीकाठी भातशेती होती, राबणारे पन्नैयाळ होते. १९५२ साली मद्रास सरकारने तंजावर जिल्ह्यातल्या कुळांना आणि पन्नैयाळांना संरक्षण देणारा कायदा केला. मामांच्या वहीत १८५५ आणि १९५२ दोन्ही 'आमचं गेलं' या एकाच खात्यावर मांडलेली. डलहौसीने घेतलं ते आणि चिखलात उभ्या माणसाला मिळालं ते. मी बँकेतला माणूस. म्हटलं, मामा, ही दोन खाती वेगळी काढा. त्यांनी माझ्यासमोरचा अर्धा भरलेला टंबलर उचलून नेला.

चार दिवस अबोला. पाचव्या दिवशी तेच वर आले. तंजावरला जायचंय, गाडी काढा.

बृहदीश्वराच्या आवारात नैऋत्येकडच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा सगळा इतिहास मराठीत कोरून घेतला आहे. दगडच्या दगड भरलेले, ओळींवर ओळी. मामा समोर उभे राहिले आणि म्हणाले, "चष्मा विसरलो. वाचा."

मामा चष्मा विसरत नाहीत. तो त्यांच्या वेष्टीच्या गाठीत खोचलेला मला दिसत होता. आणि तेव्हा लक्षात आलं, दोन वर्षांत मी या माणसाच्या हातात देवनागरी कागद पाहिला नव्हता. माझ्या बायकोच्या मराठी मासिकांतली ते फक्त चित्रं पाहायचे. किराण्याच्या याद्या मराठीत, पण अक्षरं तमिळ.

मी वाचू लागलो. अक्षर ओळखीचं, पण शब्द दर हाताला अडत होते. जुनी वळणं, जोडून लिहिलेली वाक्यं, कुठे शब्द संपतो तेच कळेना. मी अडखळलो की मागून मामा तो शब्द पुरा करायचे, अर्थ सांगायचे, वर माझा उच्चार दुरुस्त करायचे. मला वाचता येत होतं आणि समजत नव्हतं. त्यांना वाचता येत नव्हतं आणि सगळं समजत होतं. अशी आम्ही दोघांनी मिळून हात-दीड हात भिंत वाचली. मग ऊन लागायला लागलं.

परतताना गोविंदपुरमच्या विठ्ठलाला थांबलो. हे देऊळ २०११ मधलं, नवंकोरं. मामा हात जोडून म्हणाले, "शेवटी तोही आला इकडे." मग माझ्याकडे वळून, जरा सैल आवाजात, "त्याला तरी कुणाशी मराठी बोलायला मिळतं का बघा."

बायकोला आधीच सगळं ठाऊक होतं, मला कुणी सांगितलं नाही. मामी गेल्या त्याला तीन वर्षं झाली होती. सून तमिळ, नातवंडं इंग्रजी. मामींनंतर मामांचं मराठी भांडणाअभावी गंजत पडलं होतं. आमच्या आधी इथे राहायला विचारणाऱ्यांनी आमच्यापेक्षा दीड हजार जास्त भाडं देऊ केलं होतं, तेही एजंटनेच बायकोला सांगितलं. म्हणजे महिन्याला दीड हजार रुपये देऊन हा माणूस मला रोज उत्तर भारतीय म्हणत होता.

बदलीचा हुकूम आला. स्टेशनवर मामांनी रसवांगीचा डबा दिला. "हे तमिळ लोक आपलं म्हणून खातात. नावात वांगी आहे, त्यांना दिसत नाही." गाडी सुटताना ते डब्याबरोबर चार पावलं चालले, मग थांबले. गळ्यातलं उपरणं सारखं करत राहिले.

मायिलाडुतुरै गेलं, शीर्काळी गेलं. चिदंबरमच्या अलीकडे गाडी लांबलचक पुलावर आली आणि फोन वाजला.

"कोल्लिडम आली-आ?"

"पुलावरच आहे, मामा."

"पाणी आहे-आ?"

मी खिडकीतून खाली पाहिलं. वाळूच वाळू, मध्ये एक बारीकशी धार, तिच्यात म्हशी बसलेल्या. "घोटाभरसुद्धा नाही."

पलीकडे बराच वेळ नुसता झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज.

"मग व्यंकोजीला तराफा कशाला लागला," मामा म्हणाले. "चालत आला असता."