भिडू मिळेल, जीएसटी वेगळा

आमच्या सोसायटीच्या कार्यकारिणीचे जाहीर अभिनंदन. पार्किंगमध्ये चेंडू दिसल्यास 500 रुपये दंड, हा ठराव एकमताने मंजूर झाला. पुढच्याच रविवारी क्लबहाउसात चाळिशी ओलांडलेल्यांसाठी 'बालपण आधारगट' सुरू झाला. शुल्क माफक, जीएसटी 18 टक्के वेगळा. समुपदेशकबाई लगोरीच्या सात थर्माकोलच्या चकत्या रचून देतात. फोडायच्या नाहीत, फोडल्याच्या भावनेला फक्त वाट करून द्यायची. गुडघा दुखत असेल तो लिंबूटिंबू. त्याच्यावर राज्य येत नाही, मात्र डॉक्टरांची चिठ्ठी लागते. (मूळ नियमात चिठ्ठीची अट नव्हती, ही त्रुटी होतीच.) गॅलरीतून टकामका पाहणाऱ्या मुलांचाही विचार झाला आहे. तीस वर्षांनंतरच्या तुकडीसाठी त्यांची नोंदणी आताच सुरू आहे. आठवणी नसल्या तरी चालेल, त्या शुल्कात धरल्या आहेत.